साहेबाचं पोर

भिंत झाकायची म्हटली तर लोक चुना आणतात. मी एका गोऱ्या साहेबाचं पोर आणलं आणि मुन्सफ कचेरीतल्या अकरा वर्षांच्या बिनडाग नोकरीत स्वतःवर चौकशी ओढवून घेतली.

आधी भिंतीचं सांगतो. आमच्या बैठकीच्या एका भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या. जमिनीपासून दोन हात उंचीपर्यंत आडव्या, उभ्या, गोल, जशा जमतील तशा. त्यात एक बैल आहे असं माझी बायको मनकर्णा म्हणायची. तो बैल नसून मी आहे, असं काढणाऱ्याचं म्हणणं होतं. काढणारा म्हणजे आमचा प्रताप. चार वर्षांचा होता. आदल्या शहरेवरात, निजामी सालातल्या त्या भर पावसाळी महिन्यात, तीन दिवस तापला आणि गेला. एवढंच सांगतो, कारण याहून जास्त मला सांगता येत नाही.

मनकर्णा त्या भिंतीला चुना लावू देईना आणि त्या भिंतीकडे बघत मला घास उतरेना. म्हणून दहा महिने मी भिंतीकडे पाठ करून जेवलो. पाठ भिंतीकडे केली की आमच्या घरात तोंड मोरीकडे होतं. सरकारी नोकर असून माणसानं रोज दोन वेळा मोरीकडे बघत जेवावं, हे मला खटकत होतं. शेवटी तोड सुचली. भिंत पुसायची नाही, झाकायची. मोठीशी तसबीर टांगायची. रेघा तिच्यामागे शाबूत राहतील आणि मी तोंड फिरवून जेवायला मोकळा होईन. किती साधं काम!

त्याच सुमारास आमच्या आंबे गावाजवळची लष्करी छावणी उठली. घोडे गेले, पलटण गेली, साहेब लोक गेले आणि बंगल्यांतल्या सामानाचा हर्राज निघाला. अर्धं गाव तिथं लोटलं होतं. आमचा शेजारी बंकट, ज्याचं किराण्याचं दुकान आहे, त्यानं साहेबाचं आंघोळीचं घंगाळ म्हशीची सरकी भिजवायला घेतलं. खुर्च्या वकिलांनी नेल्या. कुणीच हात लावला नाही असा एकच नग राहिला, तो म्हणजे ही तसबीर.

तेलरंगात रंगवलेली, सोनेरी चौकटीची, पुरुषभर उंच. तिच्यात एक पाच वर्षांचं पोर उभं होतं. अंगात निळ्या मखमलीचा अंगरखा, गळ्याभोवती हातभर रुंद लेस, कमरेला लाल पट्टा, खांद्यापर्यंत पिवळे कुरळे केस. एक हात कुत्र्याच्या डोक्यावर, दुसरा कमरेवर. मागे एक मोडका बुरूज आणि काळं, भरून आलेलं आभाळ. एवढं आभाळ अंगावर कोसळायला आलेलं, पण पोर आपली जहागीर बघायला निघाल्यासारखं निवांत. म्हाताऱ्या खानसाम्यानं सांगितलं की हे साहेबाच्या आज्याचं लहानपण, विलायतेतल्या कुणा बड्या जहागीरदाराचं पोर, ऐंशी-नव्वद वर्षांमागचं. म्हणजे हेही पोर कधीच गेलेलं होतं. मला वाटलं, ठीक आहे, आमच्या घरात त्याला परकं वाटणार नाही.

दोन हमालांच्या डोक्यावर तसबीर देऊन मी निघालो आणि छावणीच्या नाक्यावर अडकलो.

ते प्लेगचे दिवस होते. नाकेदारापुढे दोन रजिस्टरं असत, एक मालाचं आणि एक माणसांचं. मालाच्या रजिस्टरात धान्य, कापड, गूळ, लाकूड, गुरं असे रकाने. तसबिरीचा रकाना नाही.

"लाकूड लिहा," मी म्हणालो. "चौकट लाकडाची आहे."

"आन् आतलं पोर?" नाकेदार म्हणाला. माणूस सज्जन होता, आणि सज्जन माणसाच्या हाती रजिस्टर आलं की इतरांचं काही खरं नसतं. "जित्त्या पोराला लाकूड कसं लिवू? पाप लागंल मला."

"ते जिवंत नाही, चित्र आहे."

"मग गुरांत लिवू का? कुत्रं हाय त्यात."

तीर महिन्याचं, भर वैशाखातलं ऊन. हमाल घामानं निथळत होते. मागे गाड्यांची रांग लागली होती आणि एक गाडीवाला ओरडत होता, "आरं सोडा की बे त्याला! पोरगं उनात तापलंय!" नाकेदारानं पुष्कळ विचार केला आणि मालाचं रजिस्टर मिटून माणसांचं उघडलं.

"ह्यात बसतंय. नाव सांगा."

"मला काय माहीत त्याचं नाव?"

"बेनाव मानूस सोडायचा हुकूम न्हाई."

आता इथं नावाबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. माझं नाव केरबा. माझ्या आधीची दोन भावंडं गेली, म्हणून आईनं मला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर, आमच्या बोलीत उकंड्यावर, नेऊन ठेवलं, परत उचललं आणि हे नाव दिलं. असलं टाकाऊ पोर यमालासुद्धा नको व्हावं, हा त्यातला हिशोब. आमच्याकडे घरोघरी असे केरबा, दगडू, उकंडा सापडतील, आणि सगळे म्हातारे होऊन मरतात. पण कचेरीत 'केरबा, झाडू आणला का?' हे अकरा वर्षं ऐकलेल्या माणसाला विचारा, ते नाव कसं लागतं. आमची पहिली मुलगी बारशाच्या आत गेली होती. म्हणून मुलगा झाला तेव्हा मनकर्णा माझ्या पाया पडून म्हणाली होती, "आवं, उकंडा ठिवू. लई देखणं हाय, दिष्ट लागंल." मी ऐकलं नाही. माझ्या मुलाला कुणी झाडू आणला का विचारणार नाही, असं म्हणालो आणि चांगलं भारदस्त प्रताप नाव ठेवलं. तो गेल्यावर मनकर्णानं एका शब्दानंही मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

तर नाकेदारानं पुन्हा विचारलं, "नाव?" मागून गाडीवाले शिव्या देत होते, आणि माझ्या तोंडातून ते नाव निघून गेलं. दहा महिन्यांत मी ते उच्चारलं नव्हतं.

"प्रताप."

"वल्द?"

"केरबा."

नाकेदारानं वर बघून पोराचा हुलिया लिहून घेतला. उमर पाच. रंग गोरा. डोळे निळे. ताप नाही. पास माझ्या हातात दिला. प्रताप असता तर त्या महिन्यात त्याला पाचवं सरून सहावं लागलं असतं. घरापर्यंत मी पास मुठीत धरून होतो, आणि घरी आलो तेव्हा घामानं शाई हाताला लागली होती.

तसबीर टांगली आणि सल्लागार सुरू झाले. शेजारच्या रतनबाई सगळ्यांत आधी आल्या. त्या आमच्या आळीतल्या जन्ममृत्यूच्या अनधिकृत अधिकारी. त्यांनी कमरेवर हात ठेवून पाहणी केली.

"पोरगी हाय."

"पोरगा आहे, रतनबाई."

"मग जावळ कावून काढलं न्हाई आजून? पाच वर्साचं घोडं झालं, क्येस खांद्यावर आलेत. आईबाप काय करत व्हते?"

जहागीरदाराच्या घरी जावळाची पद्धत नसते, असं मी सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, म्हणूनच गेलं असंल. बंकट आला तो पोराकडे न बघता आभाळाकडे बघत राहिला. ते साल कोरडं होतं. "काय आभाळ हाय राव!" तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं पाली गावचे आपले दोन पाहुणे आभाळ दाखवायला आणले. ते बराच वेळ चर्चा करत बसले आणि हे आभाळ पडणारं नाही, नुसतं हुलकावणी देणारं आहे, असा निकाल देऊन आमचा चहा पिऊन गेले. पुढं आठवडाभर धोतरं झटकत शेतकरी येत आणि दारात चपला काढून ढग बघून जात. पोराकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मनकर्णाचं होतं. पहिल्या दिवशी तिनं लांबूनच बघितलं. दुसऱ्या दिवशी तिनं त्याच्या तोंडावरची धूळ पदरानं पुसली. तिसऱ्या दिवशी मी कचेरीतून आलो तर ती समोर बसून तांदूळ निवडत होती, आणि मधूनमधून मान वर करून बघत होती. मी तोंड फिरवून जेवायला बसलो, पण बघायचं ते पोर माझ्याकडेच. कुठंही बसा, बघतंच. त्यापेक्षा मोरी बरी होती. मी पुन्हा पाठ केली.

पंधरा दिवसांनी लखोटा आला. नाक्यावरून गावात आलेल्या प्रत्येक लहान मुलाला दहा दिवसांत दवाखान्यात दाखवायचा हुकूम होता. 'प्रताप वल्द केरबा, नक्कलनवीस, यास मुआयन्यास हजर का केले नाही?' मी हसत हसत जबाब लिहिला की सदर इसम तसबीर आहे. तो जबाब ज्या कारकुनाच्या हाती पडला त्यानं कसून काम करायचं ठरवलं आणि मौतीचं रजिस्टर काढलं. आठवड्याच्या आत आमचे शिरस्तेदार अर्जुनराव यांनी मला आत बोलावलं.

"केरबाराव," ते चष्मा पुसत म्हणाले, "तुमचा मुलगा शहरेवरात मयत आणि तीर महिन्यात नाक्यावर हजर. यातलं एक खोटं पाहिजे. नाक्याचं खोटं म्हणाल तर सरकारी नोंद खोटी दिल्याबद्दल नोकरी जाते. मौतीचं खोटं म्हणाल तरी जाते."

"पण साहेब, ती तसबीर..."

"रजिस्टरात तसबीर नाही. रजिस्टरात माणूस आहे. ताप नसलेला."

मी अकरा वर्षं नकला केल्या. असल कागदावर डाग असेल तर नकलेत 'इथे डाग आहे' असं लिहिणारा माणूस मी. त्या खोलीत उभं राहून मला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला लिहितावाचता आलं नसतं तर बरं झालं असतं.

अर्जुनराव खरं म्हणजे दयाळू होते. त्यांनी दार लोटून घेतलं. "हे बघा, नाक्याचं रजिस्टर हैदराबादेला गेलं. त्यातली नोंद काढायला वर्षं लागतील. मौतीचं रजिस्टर चौकशीसाठी इकडे आलंय, माझ्या कपाटात आहे. तेव्हा तुम्ही मौत रद्द करून घ्या."

"काय करू?"

"गफलतीनं मौत दर्ज झाली, मुलगा हयात आहे, असा अर्ज द्या. आईचा जबाब, दोन शेजाऱ्यांचे अंगठे. कचेरीचे अमीनसाहेब घरी येऊन पाहून जातील. काम झालं."

"साहेब, माझा मुलगा गेला."

"मला माहीत आहे," ते हळू म्हणाले. "मी आलो होतो ना तुमच्याबरोबर मसणवटीत. मी कागदाचं बोलतोय."

त्या संध्याकाळी मी दिवेलागणीच्या आधी अर्ज लिहायला बसलो. चांगला कागद घेतला, नवी बोरूची लेखणी तासली. 'माझा मुलगा प्रताप हयात आहे.' ही ओळ मी तीनदा लिहिली. पहिल्या दोन वेळा काहीच चुकलं नव्हतं.

लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे, पण सांगतो. मला आनंद झाला. सरकारदप्तरी पोरगा जिवंत. सहाव्या वर्षी शाळेत नाव. अठराव्या वर्षी नोकरीचा अर्ज, तोही माझ्याच हस्ताक्षरात. मी जाईन तेव्हा वारसाच्या रकान्यात नाव. निजामाच्या राज्यात कागदावर जो आहे तो आहे, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

शेजाऱ्यांना तर काहीच वाटलं नाही. "आसू द्या की जित्तं," रतनबाई म्हणाल्या. "कुनाचं काय जातंय?" बंकटनं घरी तालीम केली. "साहेब, ह्या पोराला मी रोज गुळाचा खडा देत व्हतो," असं म्हणून दाखवताना त्याचा हात आपोआप पुढं झाला, कारण तो प्रतापला खरोखरच रोज गुळाचा खडा देत असे. मनकर्णाला मी सगळं समजावून सांगितलं. अमीनसाहेब तसबिरीकडे बोट दाखवून विचारतील, हा तुमचा प्रताप का, आणि तू फक्त हो म्हणायचं. नाहीतर नोकरी जाईल. ती ऐकत होती. तिनं विचारलं, "मंग कागदावर त्यो मेलाच न्हाई?"

"नाही."

तिलाही माझ्यासारखाच आनंद झाला असेल, असं मी धरून चाललो.

शुक्रवारी सकाळी अमीन दस्तगीरसाहेब आले. अंगानं भरलेले, पायऱ्या चढून दमलेले, बगलेत लाल फडक्यात बांधलेला बस्ता. पाणी पिऊन त्यांनी तसबिरीपुढे बसकण मारली आणि हुलिया वाचून एकेक गोष्ट ताडून पाहिली. गोरा, बरोबर. डोळे निळे, बरोबर. "ताप?" त्यांनी आमच्याकडे बघितलं. मग स्वतःच चित्राच्या कपाळाला हात लावला आणि लिहिलं, नाही.

बंकटनं जबाब दिला. रतनबाईंनी विचारलं नाही तेही सांगितलं. दोघांचे अंगठे झाले. अमीनसाहेबांनी मनकर्णाकडे वळून, पण नजर खाली ठेवून विचारलं, "बाई, हा तुमचा मुलगा प्रताप का?"

मनकर्णा दाराआडून पुढं आली. तसबिरीजवळ गेली. बराच वेळ तिनं त्या पोराच्या हातांकडे बघितलं. कुत्र्याच्या डोक्यावरच्या, गुबगुबीत, धुतलेल्या.

"न्हाई," ती म्हणाली.

माझी नोकरी मला दारातून बाहेर जाताना दिसली.

"माझ्या लेकराचे हात कदीच इतके साफ नव्हते, साहेब." तिनं दोन्ही हातांनी चौकट धरली. तसबीर तिच्याहून उंच होती. बंकट धावला, दोघांनी मिळून ती खाली उतरवली. मागे भिंतीवर रेघा तशाच होत्या. आडव्या, उभ्या, गोल, आणि तो बैल. "हे माझ्या लेकराचे हात. त्यो गेला. शहरेवरात गेला, माझ्या मांडीवर. लिवलंय ते खरं हाय. ते खोडू नगा. त्याचं तेवढंच लिवलेलं हाय सरकारात."

मी भिंतीकडे बघत होतो. दहा-अकरा महिन्यांनी बघत होतो. तो बैल नव्हता. त्याला पागोटं होतं आणि कानावर लेखणी होती.

अमीनसाहेबांनी घसा साफ केला. त्यांचेही डोळे बरे दिसत नव्हते, पण बस्ता उघडा होता. "बाई, अल्ला तुम्हांला सबर देवो. मगर मला एक सांगा. नाक्यातून एक पोर आत आलं, हे तर खरं. तुमचं नाही. मग कोणाचं? ज्याचा कोणी नाही तो बेवारस. बेवारस सरकारजमा. मला हे मालखान्यात न्यावं लागेल."

"तितं कोन बघतंय त्याला?"

"तिथं?" अमीनसाहेब खरं बोलणारे होते. "उंदीर."

मनकर्णानं तसबिरीकडे बघितलं. ती खाली बसली, तसं ते पोर तिच्या बरोबरीला आलं. त्याच्या मागचं आभाळ तसंच दाटलेलं.

"त्याचीबी आई आसंल कुटंतरी. मरून गेली आसंल," ती म्हणाली. "मंग लिवा साहेब. माझंच हाय. पर ह्यो परताप न्हाई. ह्यो दुसरा."

अमीनसाहेबांचा चेहरा उजळला. सरकारी माणसाला वाट सापडली की तो कसा दिसतो, हे मला ठाऊक आहे. "दुसरा! म्हणजे मौतही खरी, नाकाही खरा. नाकेदारानं वल्दियत बरोबर लिहिली, फक्त नाव चुकलं. नाव दुरुस्त करायला तर मीच पुरे!" त्यांनी लेखणी शाईत बुडवली. "बोला. नाव?"

मनकर्णानं माझ्याकडे बघितलं. पाच वर्षांपूर्वी तिनं असंच बघितलं होतं, आणि मी मान फिरवली होती.

या वेळी मी फिरवली नाही. "तू सांग," म्हणालो.

"उकंडा," ती म्हणाली.

अमीनसाहेबांची लेखणी थांबली. त्यांनी मखमल बघितली, लेस बघितली, सोनेरी चौकट बघितली. "बाई, ये लाटसाब का बच्चा है... उकंडा?"

"हां. लई देखणं हाय. दिष्ट लागंल."

अमीनसाहेबांनी लेखणी माझ्यापुढे केली. "केरबाराव, तुमचं अक्षर चांगलं आहे. तुम्हीच लिहा, मी सही करतो."

मी लिहिलं. उकंडा वल्द केरबा. कचेरीतले लोक यावर काय काय बोलतील ते लिहिता लिहिताच ऐकू येत होतं, आणि पुढं ते तसंच बोललेही. पण ओळ लिहून झाल्यावर मी शाई सुकायला वाळू टाकली आणि ती पुन्हा वाचली. दोन्ही नावं एका घरातली वाटत होती.

तसबीर आता शेजारच्या भिंतीवर आहे. रेघा झाकायच्या नाहीत, असं मनकर्णानं ठरवलं आणि खिळा मी ठोकला. त्या दिवशी सगळे गेल्यावर तिनं बोटावर काजळ घेतलं आणि विलायतेच्या त्या जहागीरदाराच्या गालावर ठसठशीत तीट लावली. मग तिनं पानं घेतली. मी पाट उचलला, फिरवला आणि रेघांच्या भिंतीकडे तोंड करून बसलो. घास काही उतरला नाही, तरी बसून राहिलो.